तीन सुकलेली हाडं

आई,

नमस्कार. मी बरी आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

माकडाच्या जबड्याचं हाड किती दाबल्यावर किती वाकतं, हे मी दोन वर्षं मोजतेय. हाड ओलं ठेवावं लागतं. सुकलं की ताठरतं आणि आकडे चुकतात. माझी तीन हाडं एकदा सुकली. ते चुकीचे आकडे वहीत तसेच राहिले, आणि वही सरांकडे होती.

काल सरांचा लेख छापून आला. माझं नाव कुठेच नाही, पण माझ्या तिन्ही चुका जशाच्या तशा आहेत. लेक म्हणायचे गं मला! केसाने गळा कापला.

बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

तू विणलेला स्वेटर सरांना बसला का, विचारलं होतंस. छान बसलाय. लेखावरच्या फोटोत तोच घातलाय.

तुझी,
धाकटी