कार्डावरची जुनी तारीख

मोहटोला, ता. गोंडपिपरी
रविवार, ८ डिसेंबर १९८५

प्रिय यशोधराचे बाबा,

सप्रेम जयभीम.

इकडे सगळं बरं आहे. बरं आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं विचाराल तर बांधीतलं धान घरात आलं, लाखोळी उगवून आली, थंडीनं आईंचा गुडघा धरला, आणि तुम्ही आला नाहीत. जूनमध्ये गेलात ते गेलातच. रोवण्याला याल म्हटलं, नाही आलात. ऑक्टोबरात चंद्रपूरला दीक्षाभूमीच्या कार्यक्रमात भेटू म्हटलं, तर तुमची ड्युटी. कापणीला वाट पाहिली, तर म्हणे सुटी नाही. असली कसली बाप्पा ड्युटी! तुमच्या साहेबाला बायको-लेकरं आहेत की नाहीत? आता यशोधरानं एक खेळ काढला आहे. आईंची जुनी पिशवी खांद्याला अडकवते, अंगणातून फाटकापर्यंत जाते आणि मागं वळून सांगते की मी ड्युटीले चालली, माही वाट नोका पाहू. आम्ही दोघी हसतो. मग आई काहीतरी काम काढून घरात जातात.

पत्रात मी शाळेतल्यासारखं लिहिते म्हणून तुम्ही हसाल. हसा. दहावीपर्यंत शिकले ते कुठं तरी वापरू द्या. बोलताना मी तीच आहे, तुमच्यावर ओरडणारी. ओरडायलाही माणूस समोर लागतो, हे मला या सहा महिन्यांत कळलं.

तुमची आठवण येते म्हणजे काय होतं ते सांगते. किराण्याचा पुडा सोडला की तुम्ही त्याचा कागद सरळ करून नोकरीच्या जाहिराती मोठ्यानं वाचायचे. स्टेनो पाहिजे, फिटर पाहिजे, अनुभवी खानसामा पाहिजे. मी भाकर थापता थापता म्हणायची, मला लावून द्या खानसाम्याच्या जागेवर. परवा मिठाचा पुडा सोडला आणि मीच वाचत बसले. तव्यावरची भाकर करपली. करपलेली आईंनी स्वतःच्या ताटात घेतली. आणि थंडी पडली की तुम्ही आपले बर्फासारखे पाय माझ्या पायांना लावायचे, मी शिव्या घालायची. आता माझे पाय गरम असतात आणि झोप येत नाही. अशी आठवण येते. लिहायला लाज वाटते, पण न लिहून तरी काय मिळालं?

लोकांच्या बायका लग्नानंतर कुठं कुठं फिरून येतात. आपण एम्प्लॉयमेंट ऑफिसात तुमचं नावनोंदणीचं कार्ड रिन्यू करायला चंद्रपूरला जायचो. आपली तेवढीच सहल. मी आदल्या दिवशी पातळ धुऊन ठेवायची. एस.टी.त तुम्ही मला खिडकी द्यायचे आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवायचे, लेकराला धरावं तसं. ऑफिसच्या दाराशी स्टुलावर लटारूभाऊ बसलेले असायचे. आपल्याच गावचा माणूस तिथं शिपाई, म्हणून आपल्याला माठातलं पाणी मिळायचं, बाकीच्यांना नुसतं बोट दाखवायचे. शिक्का बसला की तुमचा चेहरा असा खुलायचा, जशी नोकरीच लागली. मग गरम आलुबोंडे, मग जटपुरा गेटातून पायी पायी, मग परकोटाच्या भिंतीच्या सावलीत बसून तुमचं सुरू व्हायचं: नोकरी लागल्यावर आधी घराच्या छपरावर कवेलू, मग आईंना डोळ्यांचा डॉक्टर, मग मला शिलाई मशीन. मला मशीन चालवता येत नाही हे मी कधी सांगितलं नाही. कशाला सांगू? तुम्ही बोलत होतात, मी ऐकत होते. तुम्हाला ती बिननोकरीची सहा वर्षं लाजेची वाटतात. मला विचाराल तर मजुरी करून हात फाटले, कधी भातावर नुसती अंबाडीची भाजी, पण दिवस मावळला की तुम्ही घरी असायचे. तुमच्या नोकरीनं मला काय दिलं ते माहीत नाही. मला तुमची बेकारी आठवते, आणि मला तीच परत पाहिजे.

मग कॉल आला. वैनगंगेपलीकडे लाकडी खोक्यांचा नवा कारखाना, टाइमकीपरची जागा, पुढं परमनंट. आपल्या मोहल्ल्यातली पहिली नोकरी. काय तो थाट केला लोकांनी! विहारात लाउडस्पीकर लावला. कागदी फुलांचे हार तुमच्या नाकापर्यंत आले. सोमाजीकाकांनी मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांना उभं करून सांगितलं की शिकायचं तर असं शिका. ढोल वाजवत तुम्हाला एस.टी.पर्यंत नेलं, आणि ड्रायव्हरही गाडी थांबवून बघत बसला. माझी छाती अभिमानानं भरून आली होती. असा वाजतगाजत गेलेला माणूस चुपचाप परत कसा येणार, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. हो, मला माहीत आहे. कारखान्याला लाकूड मिळेना, पोळ्याच्या आधीच मालकानं फाटकाला कुलूप ठोकलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. तुम्ही तेवढे घरी आला नाहीत. कारखान्यातली डाक हरवते म्हणून पत्र चंद्रपुरात बाबूपेठेतल्या मित्राच्या खोलीवर टाक, असं तुम्ही लिहिलं, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. पण तुमच्यावर शंका घ्यायची सवय नाही मला.

कळलं ते ऑक्टोबरात. तुम्ही नाही म्हटलं तरी मी आणि आई दीक्षाभूमीला गेलो. गर्दी ही एवढी. स्टँडसमोरून चाललो होतो, तर चढावर एक सायकलरिक्षा, तिच्यात एक जाडजूड जोडपं, दोन ट्रंका, वर गादीची वळकटी, आणि रिक्षावाला खाली उतरून दोन्ही हातांनी ओढतो आहे. अंगात निळा शर्ट. ड्युटीसाठी गोंडपिपरीहून शिवून आणलेला. अई माय! हाक तोंडात आली होती. पण बाजूला आई. त्यांनी पाहिलं तर त्या तिथंच बसतील, अशी भीती वाटली. म्हणून मी गर्रकन वळले आणि म्हटलं, आई, चला बांगड्या बघू. आणि आई लगेच आल्या! मामंजी गेल्यापासून या बाईनं बांगड्यांच्या दुकानाकडे बघितलेलं नाही, आणि त्या दिवशी त्यांनी एकेका डझनाचा भाव विचारून दुकानदाराला जेरीस आणलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, वाचल्या. येताना एस.टी.त आम्ही दोघी जगभराचं बोललो, फक्त तुमचं सोडून.

मग कापणीत एक दिवस, शेताच्या धुऱ्यावर बसून शिदोरी खाताना, आईंच्या तोंडून निघून गेलं. म्हणाल्या, त्याले निळा रंग लय शोभे, पण उन्हानं पार उडून गेला बिचाऱ्या शर्टाचा. मी त्यांच्याकडे पाहिलं. शर्ट जूनमध्ये नवाकोरा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही तुम्हाला पाहिलं होतं, आणि मला दिसू नये म्हणून त्या बांगड्यांच्या दुकानात शिरल्या होत्या. मग काय, दोघी धुऱ्यावर बसून अशा रडलो की बायनाबाई विळा टाकून धावत आल्या, साप चावला का म्हणून.

लटारूभाऊंचं तर वेगळंच. दर शनिवारी गावात येतात, पण माझ्या दारावरून जाताना इकडे बघायचे नाहीत. शेवटी मीच रस्त्यात उभी राहिले. तेव्हा सांगितलं. तुम्ही ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन उभे राहता, दाराकडे बघता आणि निघून जाता. त्यांना वाटलं, आपण दारात बसतो म्हणूनच हा आत येत नाही, गावात बोभाटा होईल असं त्याला वाटतं. म्हणून एक दिवस ते सकाळपासून आत रेकॉर्डच्या खोलीत धूळ खात बसले. साहेबानं हाका मारल्या, ओरडला, तरी बाहेर आले नाहीत. स्टूल रिकामं ठेवलं होतं तुमच्यासाठी. आणि तुम्ही चहा प्यायले आणि निघून गेले. हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज असा झाला की मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

त्यांनी मला सगळं समजावलं आहे. माणसानं स्वतः काम सोडलं तर गोष्ट वेगळी. पण कारखान्यानं कमी केलं असेल, तर त्याचा कागद दाखवून, नोकरी लागली तेव्हा बंद झालेलं कार्ड मुदतीच्या आत पुन्हा चालू होतं, आणि तारीख जुनीच धरतात, सहा वर्षांपूर्वीची. मुदत गेली की आजची तारीख. मग यंदा मॅट्रिक झालेल्या पोरांच्याही मागं उभं राहायचं. तहसिलीतही मी जाऊन आले. नोकरी लागली म्हणून रोजगार हमीतून तुमचं नाव कमी केलं होतं. मी माझं घातलं. तिथला बाबू म्हणाला, काम मागा, पंधरा दिवसांत नाही दिलं तर बेकारी भत्ता मागा. मी म्हटलं, यांचंही नाव घाला. तर म्हणे माणूस समोर पाहिजे. लटारूभाऊही तेच म्हणतात, कार्डासाठी माणूस समोर पाहिजे. अहो, मलाही तोच पाहिजे!

आणि परवाचं ऐका. सहा डिसेंबरला विहारात सगळे जमलो. वंदना झाली, सोमाजीकाका बोलायला उभे राहिले. जूनपासून प्रत्येक कार्यक्रमात ते पोरांना तुमचं उदाहरण देतात, ते भाषण यशोधरालाही पाठ आहे. परवा त्या जागेवर आले, अडखळले, आणि तुमचं नाव गाळून पुढं गेले. सगळे खाली बघायला लागले. बायनाबाई तर कवेलू मोजायला लागल्या. तेव्हा मला कळलं की सगळ्यांना माहीत आहे, केव्हापासूनचं. इतके दिवस कोणी ब्र काढला नाही. विहिरीवर तुमचा विषय निघत नव्हता, मला वाटायचं लोक विसरले. ते मला जपत होते.

मग आई उठल्या. गुडघा धरून, भिंतीला टेकून. म्हणाल्या, सोमाजीभाऊ, माह्या पोराचं नाव काऊन सोडलं? त्याची नोकरी गेली, पोरगा नाई गेला. चंद्रपूरले रिक्षा चालवून राह्यला, कोणाच्या घरात चोरी नाई करून राह्यला. घ्या त्याचं नाव. सोमाजीकाकांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा घातला आणि तुमचं नाव घेतलं. पुढचं भाषण त्यांना आठवलंच नाही. नुसतं नाव घेऊन खाली बसले. मी आजवर आईंना सासू म्हणून घाबरत आले. परवा त्यांच्या पायाला हात लावला, तर म्हणाल्या, कायले नाटकं करतेस, चाल घरी, गुडघा दुखते.

घरी या असं लिहायला हे पत्र लिहिलेलं नाही. तसं लिहून लिहून मी थकले. मी येते आहे, हे सांगायला लिहिलं. मुदत या महिन्यात संपते. पुढच्या सोमवारी, सोळा तारखेला, पहिल्या एस.टी.नं मी, आई आणि यशोधरा चंद्रपूरला पोचतो. हे पत्र लटारूभाऊ उद्या तुमच्या खोलीच्या दाराखालून सरकवतील आणि निघून जातील. त्यांचं लपणं तेवढं शेवटचं, सोमवारी ते दारात स्टुलावर बसलेले असतील. तुम्ही स्टँडसमोर रिक्षा लावता तिथंच लावा, आणि कारखान्याचा कागद खिशात ठेवा. मी सरळ तुमच्याच रिक्षात बसणार आणि एम्प्लॉयमेंट ऑफिसला चला म्हणणार. आई म्हणतात त्या मागून पायी येतील, पोराला वजन होईल. लोक बघतील तर बघू द्या. जुनी तारीख मिळाली तर आपली सहा वर्षं वाचली. नाही मिळाली तर नवी घेऊ, आणि संध्याकाळच्या गाडीनं चौघं घरी येऊ. पण मला पाहून तुम्ही रिक्षा वळवली, तर सांगून ठेवते, भर स्टँडावर मी तुम्हाला नावानं हाक मारीन. लग्नाला सात वर्षं झाली, एकदाही तुमचं नाव घेतलं नाही, उखाण्यातसुद्धा लाजून पळाले होते. त्या दिवशी सगळ्या चंद्रपूरला ऐकू जाईल अशी मारीन. ऐन वेळी जीभ अडायला नको, म्हणून आधी इथं लिहून बघते: गुलाब.

तुमचीच,
वच्छला