मीच माझी सवत

मस्कत, ता. ४ सप्टेंबर १९८५

ती. सौ. आईस,
अनूचा सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी डिसेंबरचा पहिला आठवडा सांगितलाय. पण माझा रक्तदाब चढलाय, म्हणून विमानप्रवास अजिबात नको म्हणाल्या. तेव्हा पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी येत नाही, माहेरानेच इकडे यायचं. तुझं तिकीट हे काढतायत. आई, मला खरंच भीती वाटतेय गं. तू हवीस.

आता व्हिसाचं नीट वाच आणि बाबांनाही वाचून दाखव. इथे कुणी आपलं आपण उठून येऊ शकत नाही. ह्यांच्या कंपनीने लिहून द्यायचं, की या बाई आमच्या माणसाकडे येतायत, तीन महिन्यांत परत जातील, जबाबदारी आमची. त्यासाठी तुझ्या पासपोर्टची झेरॉक्स आणि चार फोटो पाठव. शिवाय तू माझी सख्खी आई आहेस हे दाखवायला माझा जन्माचा दाखला लागेल. तो निळ्या ट्रंकेत, प्रगतिपुस्तकांच्या खाली आहे. फोटोत हसू नकोस, पण रागावूही नकोस.

लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये.
तुझी अनू

मुलुंड, ता. १७ सप्टेंबर

चि. सौ. अनूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी पोटभर रडून घेतलं, मग ट्रंक उघडली. सगळे कागद यासोबत आहेत. फोटो तीनदा काढावा लागला. रागावू नकोस असं तू लिहिलंस आणि तुझे बाबा स्टुडिओत मागे उभं राहून तेच तेच सांगत होते, मग मी रागावणार नाही तर काय? पासपोर्ट त्यांनी गेल्या वर्षी हौसेने काढून ठेवलेला, त्याचं मात्र आता कौतुक केलं. फार नाही, थोडंसं.

अळीव, डिंक, बाळघुटीचं सामान घेऊन झालं. चाळीत सगळ्यांना सांगून बसलेय, तेव्हा आता व्हिसा नाही आला तर तोंड लपवायला जागा नाही. तू पाय वर घेऊन झोप. मी येतेय, भिऊ नकोस.

श्यामकांतांना आशीर्वाद सांग आणि तुम्ही दोघं सुखात असा.
तुझी आई,
सौ. रत्नप्रभा

मस्कत, ता. २ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

वाट लागली! व्हिसा ऑफिसातल्या क्लार्कने दोन्ही कागद शेजारी ठेवले. पासपोर्टवर रत्नप्रभा, माझ्या दाखल्यावर आईचं नाव चंपा. त्याने ह्यांना बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की तुमच्या सासऱ्यांची पहिली बायको कधी वारली. सावत्र आईला व्हिसा मिळणार नाही म्हणाला. माहेरचं नाव, सासरचं नाव असं ह्यांनी तासभर समजावलं. तो म्हणाला, लग्न झालं की आडनाव बदलतं हे मला माहीत आहे, पण अख्खी बाईच कशी बदलते?

आता कोर्टातून ॲफिडेविट हवं, की चंपा आणि रत्नप्रभा एकच. दहा नोव्हेंबरच्या आत पोचलं नाही तर डिसेंबर उलटून जाईल. आई, काहीतरी कर ना.

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी (सख्खी) अनू

मुलुंड, ता. १४ ऑक्टोबर

चि. सौ. अनूस,
अनेक आशीर्वाद.

मेल्याने मला माझीच सवत केली की गो! तुझे बाबा दोन दिवस हसतायत. दोन बायका सांभाळतो म्हणून मान ताठ करून फिरतायत.

झालं असं, की तू झालीस ती माझ्या माहेरी, देवगडला. जन्म नोंदवायला माझे अप्पा गेले आणि ते मला हाक मारायचे तेच नाव आईचं म्हणून सांगून आले. आणि चंपाची रत्नप्रभा का झाली, तेही ऐक. तुझ्या आजोळी चंपा मी, इकडे सासरी गावच्या गोठ्यात चंपा नावाची म्हैस! हाक मारली तर दोघी येतील म्हणून तुझ्या शांताआत्याने ताटातल्या तांदळात रत्नप्रभा लिहायला लावलं. म्हशीचं नाव राहिलं, माझं गेलं.

वकील म्हणतो, नवऱ्याचा शब्द चालणार नाही, लग्नाआधीपासून ओळखणारं दुसरं वडीलधारं माणूस सहीला आणा. अप्पा गेले, आई गेली, मला भाऊ नाही. उरली कोण, तर मला बघायला आलेली तुझी आत्या. तुझ्या लग्नात मानाची साडी सुती दिली म्हणून ती पंगतीतून उठून गेली, तेव्हाच मी म्हटलं होतं की हिची पायरी चढणार नाही. दोन वर्षं चढले नाही. उद्या बोरिवलीला जातेय. तुझ्यासाठी हं, तिच्यासाठी नाही.

जिवाला जप.
तुझी आई,
रत्नप्रभा (कोर्ट मानेल तर चंपासुद्धा)

बोरिवली, ता. १९ ऑक्टोबर

चि. सौ. अनूस,
शांताआत्याचे आशीर्वाद.

तुझी आई दारात आली, आत ये म्हटलं तर येईना. उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. म्हशीपर्यंत आली आणि मला हसू आवरेना. ती आधी रागाने बघत राहिली, मग तीही हसायला लागली आणि दोघी तिथेच पायरीवर बसलो. साडीचा विषय मी काढला नाही. तिने काढला, तर मी चहा ठेवायला उठले.

काल कोर्टात सही केली. तिला दोन्ही नावांनी सह्या करायच्या होत्या. रत्नप्रभा झटकन केली. चंपा लिहिताना हात थांबला, मग शाळेतल्या पोरीसारखं एकेक अक्षर कोरलं आणि डोळ्यांना पदर लावला. सव्वीस वर्षांत कुणी तिला लिहायलाच सांगितलं नव्हतं गो. मला फार वाईट वाटलं. म्हशीचंच नाव बदलता आलं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

कागद रजिस्टर्ड पोस्टाने टाकलाय. आत्याची आठवण ठेव.
शांताआत्या

मस्कत, ता. ३ डिसेंबर

ती. सौ. शांतावन्सं यांस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली! परवा दुपारी. अनू सुखरूप आहे, रक्तदाबही उतरला. मी आले त्याच्या चौथ्याच दिवशी, अगदी वेळेवर. इस्पितळात मी व्हिसा, पासपोर्ट, तुमच्या सहीचा कागद, सगळं पिशवीत घेऊन बसले होते. नर्सबाईने हिंदीत विचारलं की कोण लागता, मी म्हटलं आई. तिने दुपट्यात गुंडाळलेली पोर सरळ माझ्या हातात दिली. एक कागद मागितला नाही हो वन्सं! मला मेलीला इतकं रडू आलं, की तिने मलाच पाणी दिलं.

श्यामकांतांना बहीण नाही, तेव्हा नाव ठेवायचा मान तुमचा असं अनू म्हणते. मीही म्हणते. बारसं तुमच्यासाठी थोडं लांबवलंय, नाव तारेने कळवा. आणि तुमच्यासाठी इथून रेशमी साडी घेतलीय, आता उठून जाऊ नका.

पोरीवर आणि माझ्यावरही माया असू द्या.
तुमची भावजय,
रत्नप्रभा

तार
बोरिवली, १३ डिसेंबर १९८५

नाव चंपा ठेवा. म्हैस केव्हाच मेली. आशीर्वाद. शांता