आधी लांबी, मग थांबा

चिनहट, लखनौ
१४ सप्टेंबर १९९८

अमोघ,

द्रौपदीकाकूचा जयभीम. पुण्यात खुशाल असशीलच. इथे माझा राजरत्न ठीक आहे. चौथीत शाळा सुटली माझी, चुकलं तरी नीट वाच.

तू आणि राजरत्नने मिळून लिहिलेला तो कॉम्प्युटरचा प्रोग्राम तुम्ही फुकट वाटला, कुणीही घ्या म्हणून. मागच्या गल्लीतल्या हरिहरने घेतला, पत्रा कापायच्या मशीनला लावला. आधी लांबी सांगायची, मग पातं किती वेळ थांबवायचं ते, असं ठरलेलं. नव्या प्रतीत तू क्रम उलटा केलास. तुला तसा छान दिसला म्हणे! कुणाला कळवलं नाहीस. हरिहरने नवी प्रत चढवली, आकडे जुन्याच क्रमाने गेले. लांबीचा छोटा आकडा थांबायचा वेळ म्हणून धरला गेला, पातं थांबलंच नाही. त्याच्या भावाची बोटं पत्र्याबरोबर खाली पडली.

हरिहर सळई घेऊन आमच्या दारात. "किसने बदला? बोल!"

माझा शहाणा म्हणतो, "भैया, मैंने."

तुझं नाव घेतलं नाही. हरिहरने त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून ठेचला. हाड मोडलेलं मी ऐकलं. गॅसवरचं उकळतं वरण मी हरिहरच्या तोंडावर ओतलं. कातडी सोलली. मला अजिबात वाईट वाटत नाही.

तर ठीक म्हणजे असा ठीक. मूठ वळणार नाही, डॉक्टर म्हणाले.

आता तो पडल्यापडल्या सांगतोय, मी लिहितेय. बाहेरचे लोक प्रोग्राममधली जी नावं आणि जो क्रम वापरतात, ते जाहीर करायचं आणि बदलायचं नाही. नवं हवं तर नव्या नावाने काढ, जुनं चालू ठेव. आत हवी ती उलथापालथ कर. हेच त्याने आधी लिहिलं होतं, तेव्हा तू "मला शिकवू नकोस" म्हणालास.

मी ओरडले, हात गेला तरी तेच? तर म्हणे, "मम्मी, और लोग भी चला रहे हैं."

काल दवाखान्यात हरिहर पट्ट्यांतून विचारत होता, "अम्मा, सच बताओ, किसने बदला?" तुझं नाव मी अजून सांगितलेलं नाही. पण तुझा पत्ता मला पाठ आहे, पाकिटावर बघ.

जुना क्रम लाव. सगळ्यांना लेखी वचन दे. लवकर.

जिच्या हातचं वरण तू मागून मागून खायचास, ती
द्रौपदीकाकू