उजवा खिसा

बाबा, मी पिस्तूल घेतलंय. लहान आहे, पँटच्या खिशात मावेल असं. हे आधीच सांगून टाकतो, कारण इकडचं तिकडचं बोलत बसलो तर हे सांगायचं राहून जाईल, आणि ते राहून गेलं याचा मला आनंदच होईल. कोणामुळे घेतलं तेही सांगतो. काकाच्या थोरल्यामुळे. तुझ्या सख्ख्या भावाच्या मुलामुळे. परवान्याच्या अर्जात मी 'स्वसंरक्षण' एवढंच लिहिलं, पण पोलीस चौकशीला गावात आले तेव्हा सगळ्यांना बरोबर कळलं की हा कोणापासून स्वतःचं रक्षण करायला निघालाय. खाडीकडची शेतं सरकारने शहर वसवायला घेतली तेव्हा त्याबदल्यात तुम्हा दोघा भावांच्या नावावर जो साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, त्याचं हे सगळं. तो म्हणतो, बिल्डिंग माझ्या साडूला बांधू दे. मी म्हणतो, साडूने आधी बांधलेल्या बिल्डिंगचं प्लास्टर एकदा डोळे उघडून बघ. त्याच्या सहीशिवाय माझं अडतं आणि माझ्या सहीशिवाय त्याचं, त्यामुळे प्लॉटवर अजून रानच माजलंय. मग एक दिवस माझ्या सानपाड्याच्या ऑफिसची काच फुटली. कोणी फोडली ते कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी याचा फोन आला, "सानपाड्याला रोज जातंस नं? जरा जपून जा." आवाज अगदी मायेचा होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. मीही काही गप्प बसलो नाही. काय बोललो ते इथे लिहीत नाही, तुला माझं तोंड माहीत आहे.

तुझी बंदूक मला अजून दिसते. डोंगराकडच्या शेतात डुकरं उतरायची म्हणून घेतलेली ठासणीची बंदूक, परवान्यावर 'पीक संरक्षण' लिहिलेली. भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली असायची, येणाऱ्याजाणाऱ्याला पहिली तीच दिसायची. खांद्यावर टाकून तू गावातून निघालास की पोरं मागे धावायची आणि बायका म्हणायच्या, चालला बंदूकवाला. एकदा तू आंघोळीला गेलेला असताना मी ती खुंटीवरून काढली आणि काकाच्या या थोरल्यावर धरली. तो खोटं खोटं मेलासुद्धा, जीभ बाहेर काढून. तू ओल्या अंगाने आलास आणि माझ्या कानाखाली असा आवाज काढलास की तो मेलेला उठून बसला. "रिकामी असली तरी मान्सावर नाय धरायची. हाताला सवय लागते," असं म्हणालास. मग आम्हा दोघांना चुलीजवळ बसवून आईला एकाच ताटात भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढायला सांगितलंस. माझा कान गरम होता आणि तो आपल्या वाटणीचे बोंबील माझ्याकडे सरकवत होता. पुढे डोंगराकडचीही शेतं गेली. परवाना नव्याने करायला तू गेलास तेव्हा साहेबाने विचारलं, पीकच राहिलं नाही तर रक्षण कशाचं करणार? तू घरी आलास. बंदुकीला तेलाचा हात फिरवून ती जमा करून आलास. परत येताना तुझा एक खांदा सवयीने जरा उचललेलाच होता, आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं.

तुझी बंदूक दिसावी म्हणून होती. माझं पिस्तूल दिसू नये म्हणून. दुकानात गेल्यावर हे मला समजलं. मुंबईतलं जुनं दुकान, काउंटरमागे एक म्हातारे शेठ. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कमरेला लावणार की खिशात ठेवणार? पहिले ते बोला, मग माल दाखवतो." मी म्हटलं, खिशात, रोज. त्यांनी आधी रिव्हॉल्व्हर दिलं. भरवशाचं, म्हणाले, पण त्याची ती गोल चक्री खिशात अशी फुगली की पेरू चोरून आणल्यासारखं दिसायला लागलं. मग एक मोठं पिस्तूल. त्याच्या वजनाने पँटच खाली ओढली गेली. मग हे लहान, चपटं. हातात घेतलं तर माझी करंगळी धरायला जागाच नाही, खाली लोंबकळत राहिली. तुझ्याकडून आलेले हे एवढे पंजे. शेठ म्हणाले, "लहान घ्याल तर नेम धरायला त्रास, मोठं घ्याल तर लपवायला त्रास. दोन्ही सुख एका खिशात नाय मिळत." त्यांनी ते रिकामं करून मला देऊन दुकानात बसायला लावलं, उठायला लावलं, स्टुलावर चढायला लावलं. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही, किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत. चाप झाकला जाईल असं चामड्याचं कव्हर कायम हवं. लग्नकार्यात, गर्दीत न्यायचं नाही, कायद्याने बंदी आहे. आणि मग म्हणाले, "आता मला भेटा. मिठी मारा." मी मारली. "चूक. समोरच्याच्या मांडीला लागलं. डावा खांदा पुढे करा, उजवी बाजू मागे घ्या. सगळेच खिशावाले तसेच भेटतात." आम्ही दोघं म्हातारे त्या दुकानात दोन-तीनदा एकमेकांना भेटलो, मला जमेपर्यंत. बाबा, मला इतकी लाज वाटत होती, आणि तरी मी घेतलं.

तेव्हापासून माझा उजवा खिसा माझा राहिलेला नाही. शिंप्याकडे पँटी नेल्या आणि म्हटलं, हा खिसा जरा खोल कर, कापड जाड लाव. तो म्हणाला, "मोबाईल मोठा घेतला काय शेठ?" मी हो म्हटलं. किल्ल्या डाव्या खिशात गेल्या, आणि मी दारात उभा राहून रोज आधी उजवीकडे हात घालतो, दचकतो, मग डावीकडे. तुझ्या सुनेने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. परवान्याचं तिला माहीत होतं, पण वस्तू घरात आली ते मी बोललो नव्हतो. ती म्हणाली, "अवो, तुमी हल्ली सोफ्यावर वाकडं कनाला बसता?" मग स्वतःच म्हणाली, "त्याच्यावर चालवाल? खरं सांगा. लहानपनी एका ताटान जेवलाव ना तुमी?" मी म्हटलं, चालवायला नाही, जवळ असावं म्हणून. ती म्हणाली, "जवल असावं असा मानूस असतो, असला लोखंड नसतो." मला राग आला. तिचं खरं होतं म्हणून जास्त आला.

आणि मग त्याच्या पोरीची हळद आली. आमंत्रण द्यायला तो स्वतः आला नाही, मुलाला पाठवलं. तुझी सून म्हणाली, "काका हाव तुमी पोरीचे. नाय गेलाव तं गावान तोंड कुटं दाखवायचं?" मी गेलो. शेठनी सांगितलं होतं, कार्यात नेऊ नका. मी नेलं. कपाटात ठेवून दोनदा दारापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. मांडवात धवलारीण लग्नाचे धवले गात होती, घरच्या गेलेल्या वडीलधाऱ्यांनाही गाण्यातून हळदीला बोलावत होती, त्यात तुझं नाव घेतलं. मी उभा होतो, हात खिशावर होता. तेवढ्यात तो समोरून आला. पूर्वी हा मला भेटायचा म्हणजे उचलून घ्यायचा, बरगड्या मोडायच्या बाकी ठेवायचा. या वेळी तो दोन्ही हात पसरून आला, मीही पसरले, शिकवल्याप्रमाणे डावा खांदा पुढे केला आणि उजवी बाजू मागे घेतली. आणि बाबा, त्यानेही तेच केलं. आमचे डावे खांदे एकमेकांवर आपटले. शेजारी उभा असलेला कोणीतरी हसून म्हणाला, "अरं, भेटताव कं धक्का मारताव?" आम्ही दोघंही हसलो. मी त्याच्या उजव्या खिशाकडे पाहिलं, झब्बा तिथे जरा ताठ होता. मी मान वर केली तर तो माझ्या खिशाकडे बघत होता. "आलास? जेवून जा," तो म्हणाला. मी हो म्हटलं. नंतर सगळी संध्याकाळ तो ग्लास डाव्या हातात धरून फिरत होता. माझाही ग्लास डाव्याच हातात होता. पोरीच्या गालाला हळद लावली तीसुद्धा मी डाव्या हाताने, आणि ती लाडाने म्हणाली, "काका, उजव्या हातान लाव ना." मी लावली, पण तेवढा वेळ माझं लक्ष तिच्या बापाकडे होतं.

त्याच्याकडे परवाना आहे की नाही, देव जाणे. त्याने माझ्याआधी घेतलं की माझं ऐकून घेतलं, तेही मला कळायला मार्ग नाही. एवढं कळलं की त्याला रोज घराबाहेर पडताना मी आठवतो. ज्याच्या भीतीने मी पँटी नव्याने शिवून घेतल्या, तो माझ्या भीतीने झब्ब्यात लोखंड घालून स्वतःच्या पोरीच्या हळदीत वावरत होता. तू असतास तर त्या मांडवातच दोघांच्या कानाखाली वाजवली असतीस. आता वाजवणारं कोणी उरलं नाही. काका तुझ्याआधी गेला, आणि गावातले बाकीचे आम्हाला शेठ म्हणतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते बरंच आहे. तुझ्या फोटोसमोर वाचून दाखवायचीही माझी हिंमत नाही. कारण परत येताना गाडीत मी शीळ घालत होतो. तुझ्या सुनेने विचारलं, "काय, मिटला कं तंटा?" मी म्हटलं, मिटेल. ती इतकी खूश झाली की वाटेत तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला वाटलं, भाऊ भेटला म्हणून मी शीळ घालतोय. बाबा, तो मला घाबरतो हे कळलं, म्हणून मी शीळ घालत होतो.