कुंपणाबाहेरचा शिरीष

७ एप्रिल
अखेर स्वतःचं घर! माधवगंजातल्या भाड्याच्या खोल्या सुटल्या एकदाच्या. दर्पण कॉलनीतलं हे घर राघवनं पाहताक्षणी पसंत केलं, ते कुंपणाबाहेरच्या शिरीषामुळे. ग्वाल्हेरच्या उन्हात एवढं जुनं, डेरेदार झाड म्हणजे चैनच. सगळं अंगण सावलीत. फुलांचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो. शाळेला सुट्टी लागली की मी पडदे शिवणार, राघव मागच्या बाजूला भेंडी-गवार लावणार. संध्याकाळी त्यानं झाडाला बादलीभर पाणी घातलं. म्हणाला, शेजाऱ्याशी ओळख नको का करायला?

१९ एप्रिल
नुसता वैताग. मोरी तुंबली. प्लंबरनं जटांसारखी मुळं ओढून काढली, तर चार दिवसांत पुन्हा तेच. आता हॉलची फरशीही फुगलीय. आपल्या काकांचं हे घर आम्हाला विकणारा तो पुतण्या फोन उचलत नाही. झाड कापायची परवानगी मागायला महापालिकेत गेले, तर ते सरकारी जागेत आहे, फांदीलाही हात लावू नका, असं ऐकून परत आले. आणि राघव ढिम्म! मुळं पाणी शोधणारच, त्यांचं काय चुकलं म्हणे. नवरा माझा की झाडाचा?

३ मे
राघवला सारखी तहान. माठ भरून ठेवावा तर रिकामा. साखर तपासली, ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा आहे, पिऊ द्या. पण तो कामावर जात नाही. अनवाणी झाडाखाली उभा राहतो. हाक मारली तर फार सावकाश मान वळवतो. आज भांडले, रडले. त्यानं फक्त पाणी मागितलं.

८ मे
समोरच्या विजयाबाईंना विचारलं, ते काका-काकू गेले कुठे? आधी टाळत होत्या. मग म्हणाल्या, “अहो, पताच नाही लागला. दोघं सारखं पाणी पाणी करायचे. मग एकदम दिसेनासेच झाले. सामान सगळं जिथल्या तिथे. पुतण्या म्हणाला, तीर्थाला गेले. पण चपला तर दारातच होत्या हो.”
हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, तुम्ही विचारलंच कुठे!

१२ मे
पलंग सरकवला. राघवच्या बाजूला फरशीतून मुळं वर आलीत. गादीत शिरलीत. एक उपटलं, तर पलीकडच्या खोलीत तो कळवळला.
भावाला फोन केला. गाडी घेऊन ये म्हटलं. तो हसला. झाडाला घाबरतेस, मंजू?

१४ मे
राघवला हॉलमधल्या खुर्चीत बसवलंय. पाणी बंद केलं. ओठ फुटलेत. हात जोडतो. मला बघवत नाही —
दिलं. तांब्याभर दिलं. बाहेर झाड सळसळलं. वारा नव्हता.

१५ मे
पाय उचलत नाहीयेत त्याचे. तळव्यांखाली फरशी फुटलीय. मी ओढलं, खूप ओढलं —
भाऊ उद्या येतो म्हणाला. कालही उद्याच म्हणाला होता.

१६ मे
सकाळी कोयता घेतला. टाचेखालच्या मुळावर एकच घाव.
राघवचं तोंड मिटलेलं होतं. किंकाळी बाहेरून आली. झाडातून. त्याच्याच आवाजात.
कोयता टाकला. आता पुन्हा नाही —

दुपार
बाहेरून हाका. मंजू, मंजू. इथे समोर तो गप्प. गालावर हात फिरवला. खरखरीत. साल —
निघून जायला हवं. दार उघडंच आहे. पण डोळे अजून त्याचेच आहेत. बघतात माझ्याकडे.
त्याचा हात धरून बसलेय. उजव्या हातानं लिहितेय. डावा त्याच्या हातात. सोडवत नाही.
म्हणजे, मला सोडवत नाही असं नव्हे — हातच सुट