मोरांना शेरभर तूर

३ जानेवारी १९७९, गुलबर्गा

...तर त्या सकाळी सडा टाकून झाला होता, बंब पेटला होता, सुपात तूर निवडायला घेतली होती आणि चुलीवर दूध होतं. सकाळ रोजचीच, फक्त हे नव्हते. ह्यांचं दिवसपाणी नुकतंच उरकलं होतं. ह्यांचे मित्र गुरुराज वकील ओट्यावर उभे राहून म्हणाले, वहिनी, ट्रंकेतले कागद घेऊन जातो, इथं वाळवी खाईल. यावर मी हं म्हणाले, असं ते सगळीकडे सांगतात. दूध वर येत होतं. मी हं म्हणाले असेन तर ते दुधाला.

ट्रंकेत निजामाच्या राज्यातले कागद होते. कोर्टाचे हुकूम, स्टॅम्प पेपर, सनदा. हे ट्रेझरीत कारकून. जन्मभर रद्दीवाल्यांकडे उकिडवे बसून एकेक कागद निवडून आणलेला. कागद खरा नसल्याचा संशय आला तर फुकटचाही परत करायचे.

आज बाणूबाई दूध घालायला आली, ती म्हणाली, अक्का, वकील ते कागद काचेत बसवून घ्यायलेत, कालेजात मांडणार हायेत म्हणं. म्हणजे स्वतःच्या नावानं. ह्यांचं नाव कुठंच उरणार नाही.

आजपासून वहीत मी त्याला अरे-तुरे करणार. तोंडावर जमत नाही.

५ जानेवारी

प्लॅन ठरला. त्याच्यापेक्षा मोठा संग्रह करायचा. त्याच हॉलमध्ये, त्याच दिवशी, समोरच्या भिंतीवर मांडायचा. वर ह्यांचं नाव. मला कागदांची आवड नाही. हे फक्त सूडासाठी.

उर्दूही शिकते. मराठी आणि कानडी मी वाण्याच्या पुड्या वाचून शिकले, शाळेत गेले नाही. उर्दूला महिना पुरे.

२१ जानेवारी

शोध लागला. चौकातला रद्दीवाला, नाव श्रीमंत, जुने सरकारी कागद शेंगदाणेवाल्याला विकतो. निजामाचं अख्खं राज्य शेंगदाण्याभोवती गुंडाळून चाललंय आणि कुणाला खबर नाही. रोज दोन पुड्या घ्यायच्या. वेगवेगळ्या वेळी, म्हणजे त्याला संशय येणार नाही.

२९ जानेवारी

पोट बिघडलं. संग्रहात नऊ कागद. पैकी आठ म्युनिसिपालिटीच्या पाणीपट्टीच्या नोटिसा, सन ७१ च्या. एक जुना आहे पण तेलामुळे आरपार दिसतो. तरी सुरुवात चांगली.

शेंगदाणेवाला म्हणाला, बाई, घरात पाहुणे हायेत का लई?

१८ फेब्रुवारी

अलिफपासून येपर्यंत सगळी अक्षरं आली. सुटी असली की ओळखते. ती एकमेकांना चिकटली की गडबड होते. म्हणजे उर्दू जवळजवळ आलं.

२ मार्च

बाणूबाईच्या माहेरी कडगंचीला जाऊन आले. गावांत घरटी कागद असतात, असं हे म्हणायचे. सध्या कुळांच्या जमिनीचे खटले चालू आहेत हे माझ्या लक्षात नव्हतं. मी हणमंतप्पा नावाच्या म्हाताऱ्याला विचारलं, अप्पा, निजामाच्या वेळचा एखादा कागद आहे का घरात. तो म्हणाला, जमीन माझी न्हाई. मी म्हटलं, जमीन नको, कागद. तो म्हणाला, हे घर बी माझं न्हाई. मग थोडा विचार करून म्हणाला, मी हितं ऱ्हातच न्हाई. मागं दारावर त्याचं नाव रंगवलेलं होतं. भाकरी मात्र बळंच खाऊ घातली.

एसटीत बाणूबाई पदरात तोंड घालून हसत होती. मग म्हणाली, अक्का, कामून जीव जाळून घ्यायलाव? वकील बरा मानूस हाय. बाणूबाईला म्हशींची पारख आहे. माणसांची नाही.

कडगंचीत गुरुराज आधीच येऊन गेला असणार.

१४ एप्रिल

गुरुराजची बायको नलिनीबाई आली होती. लिंबाचं लोणचं आणलं. म्हणाली, यांनी विचारलंय, भावजींचा जन्म कुठल्या सालचा आणि ट्रेझरीत कधी लागले? मी म्हटलं, सरकारला विचारा. ती म्हणाली, तुम्ही सांगितलंत तर बरं होईल. माझ्या तोंडून काय निसटतं ते बघायला पाठवलेली बाई, एवढं कळतं मला.

लोणचं चांगलं होतं. परत पाठवायचं ठरवलं होतं. बरणी धुऊन पाठवली.

९ जून

संग्रह: तेलकट एक. बाकीचे वाळवीनं खाल्ले. ही गोष्ट गुरुराजच्या कानावर जाता कामा नये.

मोठा संग्रह करण्याचा प्लॅन मी स्वतःहून सोडला आहे. तो मुळातच साधा होता. त्यात त्याची फजिती होत नव्हती, नुसती बरोबरी होत होती.

१६ जून

नवा प्लॅन. आधीच्यापेक्षा फार चांगला आहे.

श्रीमंत रद्दीवाला बोलता बोलता म्हणाला की वकीलसाहेब बीदरच्या किल्ल्याचा कागद शोधायलेत, सापडला तर पहिला मलाच दे म्हणून सांगून ठेवलंय. बीदरच्या किल्ल्याचा एकही कागद ह्यांना कधी मिळाला नाही. दर दिवाळीला हळहळायचे. तेही याला चोरायचंय. ठीक आहे. मी देते त्याला बीदरचा किल्ला.

खोटा कागद करायचा. त्यात एक चूक अशी ठेवायची की जाणत्याला दिसेल आणि गुरुराजला हावेपोटी दिसणार नाही. तो काचेत बसवून मिरवेल. भर सभेत मी उठून एकच प्रश्न विचारीन. मग त्याच्या काळ्या कोटाला वाळवी लागो नाहीतर काही होवो.

२० जून

कागद घरातच आहे. देवघरात, गणपतीच्या मागे. हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा ट्रेझरीत वाया गेलेला कोरा स्टॅम्प पेपर ह्यांना साहेबांनी दिला होता. एवढाच ट्रंकेबाहेर राहिला. ह्यांचं म्हणणं, यावर अजून कुणाचं भांडण लिहिलेलं नाही, म्हणून हा जपायचा.

काढून पाहिला. परत ठेवला. दुसरा कुठला मिळतो का पाहू.

२७ जून

दुसरा मिळत नाही. काढला.

कोर्टाबाहेर अर्ज लिहिणारे एक चाचा बसतात. त्यांना म्हटलं, शाळेच्या नाटकासाठी उर्दूत हुकूम हवाय. काय लिहू, म्हणाले. हे मी ठरवलंच नव्हतं. समोर कुणीतरी तूर वाळत घातली होती. म्हटलं, लिहा, बीदरच्या किल्ल्यातल्या मोरांना रोज शेरभर तूर सरकारी कोठारातून द्यावी. चाचांनी न हसता लिहिलं. तारीख मी फसली १३१० सांगितली, म्हणजे इंग्रजी १९०० च्या सुमाराची. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, अम्मा, कागद पे मोहर तो बेटे की है, तारीख बाप के जमाने की डालरै आप. म्हणजे छापा शेवटच्या निजामाचा आणि तारीख त्याच्या बापाच्या राज्यातली. हीच तर चूक. मी म्हटलं, नाटकवाल्यांना काय कळतंय. ते म्हणाले, सच है, और मोरों को भी.

१ जुलै

मोराचा कागद श्रीमंतकडे दिला. कुणी दिला ते सांगायचं नाही, अशी देवीची शपथ घातली. तो म्हणाला, बाई, मी कुनाला कशाला सांगतो, मला तरी कुठं समजायलंय ह्यो काय प्रकार हाय.

३ जुलै

गिळला. श्रीमंत म्हणाला, वकिलांनी कागद हातात घेतला आणि उजेडाला धरून बगितला. डोळे पुसले जणू.

हावरा माणूस.

८ नोव्हेंबर

एक्झिबिशनचं कार्ड आलं. नलिनीबाई स्वतः कार्डाला हळदीकुंकू लावून देऊन गेली. म्हणाली, वहिनी, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं, नाही म्हणायचं नाही. मी आयुष्यात पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकला नाही. हे कार्ड न वाचता बंबात घातलं. त्याच्या नावावरून कशाला डोळे फिरवायचे.

प्रश्न पाठ करतेय. 'वकीलसाहेब, मुलाच्या मोहोरेवर बापाची तारीख कशी?' आरशासमोर उत्तम जमतो. शेवटी थोडं हसायचं की नाही ते ठरवायचंय.

११ डिसेंबर

उद्या. निळ्या काठाचं लुगडं काढलं. हे म्हणायचे त्यात मी कलेक्टरीण दिसते.

झोपायच्या आधी प्रश्न एकदा म्हटला. देवघरातली गणपतीमागची जागा रिकामी दिसते, तिथं उदबत्तीचा पुडा ठेवला.

१२ डिसेंबर

थोडक्यात लिहिते.

दारावर मोठा बोर्ड. कानडीत आणि मराठीत. 'कै. श्रीनिवासराव यांनी जन्मभर जमवलेले निजामकालीन कागद.' मी दोनदा वाचला. मग मराठी सोडून कानडीही वाचला, तिथं तरी गुरुराजचं नाव असेल म्हणून. ते होतं खाली कोपऱ्यात. खुर्च्या देणाऱ्या मंडपवाल्याच्याही खाली.

बाणूबाईला वाचता येत नाही. ती म्हणाली, अक्का, काय लिव्हलंय, तुमी अशा कामून थांबलाव?

आत प्रत्येक कागदाखाली ह्यांच्या हातची चिठ्ठी, ट्रंकेत होती तशी, काचेत. कुठून मिळाला, काय आहे, कशाची खात्री नाही. मधल्या भिंतीवर, हार घातलेला, एकच कागद बिनचिठ्ठीचा. मोरांचा.

भाषणात गुरुराजनं सांगितलं, बीदरच्या किल्ल्याचा एक कागद मिळावा ही श्रीनिवासरावांची फार इच्छा होती. ती राहून गेली. यंदा तो मला मिळाला, म्हणून त्यांच्या संग्रहात, त्यांच्याच नावानं ठेवला आहे. टाळ्या वाजल्या. कॉलेजचे रेवणसिद्धप्पा सर उठून म्हणाले, पाखरांच्या चाऱ्याचीसुद्धा नोंद ठेवणारं राज्य होतं ते. शाळेच्या मुली वह्या काढून लिहून घ्यायला लागल्या. मोर, शेरभर, तूर.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे. प्रश्न विचारायला कधी उठले ते कळलं नाही. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. गुरुराज हात जोडून म्हणाला, या श्रीनिवासरावांच्या पत्नी. वहिनी, दोन शब्द बोला.

मी म्हटलं, पंखा जरा हळू करा. कागद हलायलेत.

बसले. नलिनीबाईनं माझा हात धरला. तो मला सोडवून घेता आला असता.

१३ डिसेंबर

काल रात्री गुरुराजवर भरपूर रागवायचं ठरवलं होतं. आधी का सांगितलं नाही म्हणून. मग आठवलं, कार्ड. मग आठवलं, नलिनीबाई जन्मसाल विचारायला आली होती. मग मी वही मिटली.

आज पुन्हा उघडली. गुरुराजला मी माफ केलेलं नाही, हे नोंद राहावं. वर्षभर सकाळी उठल्यावर मला त्याच्यावर रागवायचं काम असायचं. सडा, बंब, दूध आणि गुरुराज. आता त्याला शिव्या द्यायला जागा नाही आणि दिवस तेवढाच लांब आहे.

खरं सांगून टाकावं असं आज तीनदा ठरवलं. एकदा त्याच्या फाटकापर्यंत गेले. तो बाहेर आला, म्हणाला, या, चहा घ्या. चहा चांगला होता. म्हणाला, वहिनी, त्या मोरांच्या कागदाची चिठ्ठी तुम्हीच लिहा, त्यांच्यासारखं तुम्हालाच जमेल. मी हं म्हणाले. या वेळी चुलीवर दूध नव्हतं.

ह्यांना स्वतःचं वयसुद्धा एक वर्ष कमी करून सांगता यायचं नाही. आणि भिंतीच्या मध्यभागी, हाराखाली, त्यांच्या नावानं हे खोटं. त्यांनीच जपलेल्या कागदावर.

चिठ्ठी लिहायला बसले. 'कुठून मिळाला' यापुढे गेले नाही. प्रदर्शनाचा उद्या शेवटचा दिवस.

१५ डिसेंबर

काल दार उघडायच्या आधी मी कॉलेजात जाऊन बसले. शिपायानं कुलूप काढल्यावर एक खुर्ची ओढली, मोरांच्या कागदासमोर भिंतीला लावली, आणि संध्याकाळी बंद होईपर्यंत त्याच्या काचेला पाठ टेकून बसून राहिले, म्हणजे तो कुणाला वाचता येऊ नये.