आबांच्या पायाचं माप

पुणतांबा,
१४ जानेवारी २०२६, संक्रांत

ती. मुक्ताताईंस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. सोबत तिळगूळ आहे. गोड बोलायचं तेवढं या खेपेला जमणार नाही, कारण मी तुमच्यावर चिडले आहे.

फोनवर सत्काराचं नाव काढलं की तुमची मीटिंग निघते, म्हणून हे पत्र.

तुम्ही म्हणता, "सत्कार कशाचा? एवढ्या नोकरीत एक छोटं विमान उडवलं." अहो वन्सं, उडवलं ना! त्या वाऱ्याच्या बोगद्यात विमानाचे पंख ठेवून तपासण्यात तुम्ही आयुष्य काढलंत. पहिलं विमान धावपट्टीवरच तोंडावर पडलं तेव्हा बरोबरीचे सोडून गेले, आणि तुम्ही तोच पंख मुळापासून पुन्हा करायला बसलात. दिवाळीनंतर ते विमान आभाळात गेलं. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ तुमच्या भावानं देवळापुढं मोठ्या पडद्यावर लावला. चाकं जमिनीवरून सुटली तशी शेजारच्या झुंबरबाईंनी अशी आरोळी ठोकली की कुत्री पळाली. तुमचं काम नेमकं काय, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही! रस्त्यानं कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनीही हॉर्न वाजवले. मी रडले. अजून आठवलं की रडू येतं.

सत्कार तुमच्या निवृत्तीनंतरच्या रविवारी ठरलाय. ह्यांनी कोपरगावहून फ्लेक्स करून आणला, तर त्यावर भलंमोठं प्रवासी विमान! आबांनी तो परत पाठवला. म्हणाले, "आपलं इमान लहान हाय, लहानच लावा. दुसऱ्याचं कशाला मिरवायचं?"

आता आबांचं सांगते. सांगायचं नव्हतं, त्यांनी शपथ घातली आहे. ती मोडल्याचं पाप मला लागू दे.

विमान पडलं त्याची आबांना लाज वाटली, म्हणून ते नंतर तुमच्याकडं बंगळूरला आले नाहीत, असं तुम्हाला वाटतं. आमच्या राजनंदिनीच्या लग्नात तुम्ही माझ्यापाशी तसं बोललात.

ताई, ती बातमी आली त्या संध्याकाळी पारावर कुणीतरी म्हणालं, "कारभारी, पोरीचं इमान लोळलं म्हनं." आबा उठले. पायातल्या चपला काढून पारावरच ठेवल्या. म्हणाले, "माझ्या मुक्ताचं इमान उडंल, तवाच पायात घालीन." आणि तसेच घरी आले.

तेव्हापासून अनवाणी. उसाच्या पाचटात, वैशाखाच्या फुफाट्यात, तालुक्याच्या कचेरीत, अनवाणी. फोनवर तुम्हाला त्यांचा चेहराच दिसतो. लग्नात मांडवात सगळेच अनवाणी, तेव्हा तुमच्या ध्यानात आलं नाही. बंगळूरला आले असते तर तुम्हाला दिसलं असतं. त्यांचं म्हणणं, "तिला कळलं तर घाई करंल. इमानाच्या कामात घाई न्हाई चालत." लाज कसली, ताई. माणूस तुमच्यासाठी काट्यांतून चालत होता.

विमान उडालं त्याच दिवशी ह्यांनी नव्या चपला आणल्या. आबांनी हातसुद्धा लावला नाही. "जिनं उडावलं, तिच्याच हातनं घालीन."

तेव्हा हार-शाल नको असेल तर घेऊ नका. भाषणही करू नका. पण त्या दिवशी आबा स्टेजवर पाय पुढं करून बसणार आहेत आणि अख्खा गाव बघायला येणार आहे. पारावर बोललेला तो माणूससुद्धा. मांडवाचं काम त्यानंच हट्टानं अंगावर घेतलंय.

ह्यांनी आणलेल्या चपला मी दुकानात परत दिल्या. त्या तुम्ही आणायच्या. आज सकाळी आबांना कोऱ्या कागदावर उभं करून पेन्सिलीनं पावलाची रेघ काढून घेतली. "कशाला गं?" म्हणाले. मी तो कागद तुमच्या पाकिटात सरकवला, तर स्वतःशीच हसले आणि दुसरा पायही पुढं केला.

दोन्ही कागद तिळगुळाच्या पुडीखाली आहेत. माप थोडं सैलच घ्या, पाय फार पसरलेत त्यांचे.

वाट बघतेय, चिडलेलीच,
तुमची रुपाली